आधी काठी, मग ठोका

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये स्टेजच्या बरोबर समोरच्या टोकाला बसलेल्या माणसाला ड्रमर आधी दिसतो आणि मग ऐकू येतो. १५ डिसेंबर २०१९च्या रविवारी ‘यूटू’ या आयरिश बँडचा लॅरी मलन एकटाच चालत येऊन ड्रमच्या मागे बसला. त्याने हात खाली आणला, आणि ठोका कानावर पडला तो हात पुन्हा वर निघाल्यावर. पहिल्यांदा वाटतं, साउंडवाल्यांची काहीतरी गडबड झाली आहे. गडबड काही नसते. आवाज हवेतून नेहमी याच चालीने येतो. घरात किंवा हॉलमध्ये अंतर एवढं कमी असतं की ती चाल जाणवत नाही, इतकंच. याच मैदानावर मॅच बघताना चेंडू बॅटवर बसलेला दिसतो आणि ‘टक’ मागाहून येते, तोच प्रकार.

हिशोब सोपा आहे. डिसेंबरातल्या संध्याकाळी, साधारण २७ अंश तापमानाला, आवाज सेकंदाला सुमारे ३४७ मीटर जातो. क्रिकेटच्या मैदानाच्या एका टोकाला स्टेज बांधलं की समोरचा स्टँड सव्वाशे-दीडशे मीटरवर पडतो. म्हणजे ०.३६ ते ०.४३ सेकंदांचा उशीर. प्रकाशाला त्याच दीडशे मीटरसाठी सेकंदाचा वीस लाखावा हिस्सा पुरतो. ज्यांनी या बँडची दोन-तीन दशकं वाट पाहिली, त्यांनी अर्ध्या सेकंदाहून कमी उशिराचं मनाला लावून घेऊ नये हे खरं. पण त्याच्या मागे लागलं की एकेक नवल बाहेर पडतं. त्यातलं पहिलं हे, की या बँडचा गिटारवाला चाळीस वर्षं नेमक्या एवढ्याच उशिरावर आपलं घर चालवतो आहे.

ज्यांचा यूटूशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७६ साली डब्लिनच्या माउंट टेंपल शाळेत चौदा वर्षांच्या लॅरी मलनने नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली, की बँड काढायचा आहे, कोण येतं? पोरं त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात जमली. त्यातून पुढे चौघे टिकले: लॅरी, बास गिटारवर अॅडम क्लेटन, गाणारा पॉल ह्यूसन ऊर्फ बोनो आणि गिटारवर डेव्हिड एव्हान्स, ज्याला सगळे ‘दि एज’ म्हणतात. १९७८पासून माणसं तीच. रॉकच्या दुनियेत ही गोष्ट अद्भुतात मोडते. तिथे साधारणपणे तिसऱ्या अल्बमला ड्रमर बदलतो आणि पाचव्याला वकील येतात. मार्च १९८७मध्ये ‘द जोशुआ ट्री’ आला, जगभर अडीच कोटींच्या वर प्रती खपल्या, पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी मिळालं. आपल्याकडे तो बहुतेकांकडे कुणाच्या तरी भावाच्या कॅसेटवरून भरून घेतलेल्या कॅसेटच्या रूपात आला. माझ्याकडेही तसाच. एका बाजूला यूटू, दुसऱ्या बाजूला भलतंच काहीतरी, आणि कव्हरवर बॉलपेनने लिहिलेली गाण्यांची नावं. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून छापील कव्हरवाली विकत आणली ती पहिली नोकरी लागल्यावर.

त्या भरलेल्या कॅसेटच्या खरखरीतूनही एक गोष्ट स्वच्छ कळायची: गिटार एक नाही, दोन तरी असाव्यात. प्रत्यक्षात वाजवणारा एकच. गंमत त्याच्या पायाशी ठेवलेल्या यंत्रात होती. गिटारची तार छेडली की हे यंत्र तो सूर जसाच्या तसा थोड्या वेळाने परत वाजवतं. सुरुवातीला एज ‘मेमरी मॅन’ नावाचं पेडल वापरायचा, पुढे ‘कॉर्ग’ कंपनीचं डिजिटल यंत्र आलं. असा प्रतिध्वनी अनेकांनी वापरला होता, बहुधा आवाजाला जरा खोली यावी म्हणून. एजने त्यावर ताल बसवला. त्याने प्रतिध्वनीला ठोक्याच्या पाऊण भागावर आणून ठेवलं.

पाऊणच का, हे मनातल्या मनात हाताने टाळी देत करून बघण्यासारखं आहे. एका ठोक्यात दोन सूर, म्हणजे आपल्या भाषेत दुगुणीत, वाजवत गेलं तर सूर पडतात शून्यावर, अर्ध्यावर, एकावर, दीडवर. प्रतिध्वनी पूर्ण एका ठोक्याने परत आला असता तर तो पुढच्या सुराच्या डोक्यावरच बसला असता. ऐकणाऱ्याला फरक कळला नसता. पण तो पाऊण ठोक्याने येतो, म्हणून पाऊणवर, सव्वावर, पावणेदोनवर पडतो. जिथे जागा रिकामी आहे, बरोबर तिथेच. हाताने वाजतं दुगुणीत आणि कानाला ऐकू येतं चौगुणीत. शिवाय हाताने छेडलेला सूर टणक आणि परत आलेला जरा मऊ, त्यामुळे दोन वादक एकमेकांच्या श्वासात वाजवताहेत असा भास होतो. किंमत मात्र एक द्यावी लागते. यंत्राने पाऊण ठोका म्हणजे किती मिलिसेकंद हे आधीच ठरवलेलं असतं, तेव्हा ड्रमरने लय चढवायची नाही की उतरवायची नाही. तबलजी गवयाच्या मागे जातो, गवई तबलजीच्या. इथे दोघांनाही पायाशी ठेवलेल्या डब्याच्या मागे जावं लागतं.

‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’ या गाण्याची लय मिनिटाला सुमारे १२६ ठोक्यांची. त्याचा पाऊण ठोका म्हणजे ३५७ मिलिसेकंद. आता तेवढ्या वेळात आवाज हवेतून किती जातो ते काढलं की उत्तर येतं १२४ मीटर. स्टेजपासून समोरच्या स्टँडपर्यंतचं अंतर! एजच्या डब्यात साठवलेला उशीर आणि स्टेडियमच्या हवेत साठलेला उशीर एकाच मापाचे. योगायोगच म्हणायचा, कारण गाणं करताना त्याने स्टेडियम मोजलं नव्हतं. पण स्टेडियम त्याच्या डोक्यात होतं हे मात्र खरं. पुढच्या दौऱ्यात स्टेजवर काय वाजवायला मिळालं तर मजा येईल, या एका विचाराने त्याने या गाण्याचा आराखडा एकट्याने बसून केला.

हा आराखडा बँडपुढे आल्यावर सगळ्यांना घाम फुटला. गाण्याच्या तोंडाशी गिटार सहा सुरांचं चक्र घेऊन तीनच्या हिशोबाने फिरते आणि गाणं सुरू होईतो चारच्या हिशोबात शिरते. दादऱ्यात उठलेली चीज केरव्यात बसावी तसं. निर्माते डॅनियल लान्वा स्टुडिओत फळा लावून, हातात छडी घेऊन मास्तरासारखे सुरावटींचे बदल समजावत. दुसरे निर्माते ब्रायन ईनो इतके कावले, की मूळ टेपच पुसून टाकावी म्हणजे सगळे नव्याने सुरुवात करतील, असं त्यांनी मनाशी ठरवलं. तिथल्या एका इंजिनिअरने त्यांना धरून आवरलं म्हणून ती टेप वाचली. ईनोंची बाजू मला कळते. पण बरं झालं आवरलं.

हेच गाणं भर मैदानात सुरू होतं तेव्हा साउंडवाल्यांची खरी परीक्षा असते. नुसत्या अंतराने घोळ होत नाही. सगळाच आवाज सारख्याच उशिराने आला तर कानाला त्यात काही खटकत नाही. तक्रार असते ती डोळ्यांची. घोळ सुरू होतो तो एकाहून जास्त ठिकाणांहून आवाज आल्यावर. फक्त स्टेजवरच्या स्पीकरांनी शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं म्हटलं तर पहिल्या रांगेतल्या माणसाचे कान फुटतील. म्हणून मोठ्या कार्यक्रमांत मैदानाच्या मध्यावर आणखी स्पीकरांचे मनोरे उभे करतात. समजा असा मनोरा स्टेजपासून ६० मीटरवर आहे. तारेतून विजेचा संदेश तिथे तत्क्षणी पोचतो, आणि स्टेजचा आवाज हवेतून चालत यायला १७३ मिलिसेकंद घेतो. मनोऱ्याजवळच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू यावा! त्यावर उपाय म्हणजे मनोऱ्याला मुद्दाम थांबवून ठेवणं. त्याला मिळणारा संदेश तेवढेच १७३ मिलिसेकंद रोखून धरतात. म्हणूनच त्यांचं नाव डिले टॉवर.

इथवर गणित झालं. खरी करामत पुढे आहे. कसलेला साउंड इंजिनिअर मनोऱ्याला बरोबर १७३वर सोडत नाही, आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद थांबवतो. कारण हेल्मुट हास या संशोधकाने १९४९ साली गटिंगेनला केलेल्या प्रबंधात आहे. एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या फरकाने आला, आणि फरक साधारण तीसेक मिलिसेकंदांच्या आत असला, तर मेंदू त्यांचे दोन आवाज करत नाही. एकच ऐकतो आणि जो आधी आला तिथूनच तो आला असं ठरवून टाकतो. मागाहून आलेला चांगला दहा डेसिबलने मोठा असला तरीसुद्धा. म्हणजे मनोरा जरा उशिरा बोलला की जोर मनोऱ्याचा आणि दिशा स्टेजची. शेजारच्या खांबावरून आवाज अंगावर येत असतो आणि तुम्ही शपथेवर सांगाल की बोनो समोरून गातो आहे. आपल्या गणपतीच्या मंडपांत चार कोपऱ्यांना चार भोंगे एकदम बोलतात आणि आरतीचं कडबोळं होतं, त्याचं कारण हेच: कुणी कुणासाठी थांबत नाही.

हे सगळं एकदा मोजून संपतही नाही. दुपारी उन्हात साउंड चेक होतो, कार्यक्रम रात्री. तापमान एका अंशाने उतरलं की आवाजाचा वेग सेकंदाला ०.६ मीटरने घटतो. आठ अंश उतरलं तर शंभर मीटरला चारेक मिलिसेकंदांची भर. शिवाय दुपारी खुर्च्या रिकाम्या असतात आणि सिमेंटवरून आवाज उसळ्या मारतो. रात्री माणसं येऊन बसतात आणि कपड्यांनी-देहांनी तो पिऊन टाकतात. दमट हवा झांजांचा बारीक खणखणाट कोरड्या हवेपेक्षा कमी खाते, त्यामुळे खाडीकाठच्या ज्या हवेला आपण घामासाठी शिव्या देतो तिचा इथे फायदाच होतो. यूटूचं मिक्सिंग १९७८पासून कॉर्कचे जो ओ’हर्लिही करत आलेत. बँडमधल्या माणसांइतकेच जुने. असा माणूस बसतो मैदानात, स्टेजपासून दूर, म्हणजे त्यालाही ठोका उशिराच मिळतो.

आणि गर्दी? चाळीस हजारांच्या आसपास माणसं होती त्या रात्री. बोनोने माइक पुढे धरला की सगळी गातात, पण मागचे लोक पाव-अर्धा सेकंद उशिराने ऐकून गातात आणि त्यांचं गाणं स्टेजवर परत जायला पुन्हा तेवढाच वेळ. शेवटच्या रांगेची ओळ गायकाला पाऊण सेकंदाने मिळते. तोवर बँड दीड ठोका पुढे गेलेला असतो. गर्दीच्या भरवशावर लय धरली तर गाणं थांबेल. म्हणून वादकांच्या कानांत साच्यातून खास बनवून घेतलेले इअरफोन असतात, बाहेरचं जग जवळजवळ बंद. सुराचं मात्र उलट. एवढ्या लोकांत निम्मे बेसूर असणारच, मी धरून. पण कुणी वर चुकतो, कुणी खाली, आणि कान त्यातला मधला सूर पकडतो. एकट्याने बाथरूममध्ये जे जमत नाही ते मैदानात सगळ्यांना मिळून जमतं.

त्या रात्री ‘स्ट्रीट्स’ची सुरुवात झाली तेव्हा मागचा पडदा, सुमारे २०० फूट रुंद आणि ४५ फूट उंच, लालभडक पेटला आणि त्यावर जोशुआ झाडाची काळी आकृती. मग वाळवंटातला रस्ता, अँटन कॉर्बाइनने चित्रित केलेला. मूळ अल्बमचे फोटोही त्याचेच. पडद्याबद्दल माझी थोडी कुरकुर आहे. दीडशे मीटरवरून साडेपाच फुटांचा माणूस आकाशातल्या चंद्रबिंबापेक्षा जरासाच उंच दिसतो, म्हणून पडदा लागतो हे मान्य. पण एकदा तो उजळला की नजर माणसावर परत येत नाही, ती आणावी लागते. मी हट्टाने आणत होतो. कोपऱ्यातला टोपीवाला एज नावाचा इवलासा ठिपका डावा पाय ठेक्यात हलवत होता, आणि गिटार हवेत घुमत होती.

रेकॉर्डवर या गाण्यात बोनोचा आवाज यायला जवळपास पावणेदोन मिनिटं लागतात. आधी ऑर्गनची दाट सावली, मग लांबून जवळ येणारी गिटार, मग बास आणि ड्रम. अंगावर काटा येतो तो नेमका कधी? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी मॉन्ट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठात लोकांना स्वतःच्या आवडीचं, काटा आणणारं संगीत घेऊन बोलावलं आणि ऐकताना त्यांचा मेंदू तपासला. डोपामीन दोन वेगवेगळ्या जागी, दोन वेगवेगळ्या वेळी सुटताना दिसलं: एका जागी ऐन क्षणी, आणि दुसऱ्या जागी त्याच्या आधी, नुसत्या चाहुलीने. समेवर येताना मान आपोआप डोलायला लागते, ती समेच्या आधीच, हे आपल्या मैफलींतल्या श्रोत्यांना सांगायला नको. मात्र चाहूल लागायला पुढचं पाठ असावं लागतं. पंधराव्या-विसाव्या वर्षी ऐकलेलं सगळ्यात पक्कं पाठ असतं, आणि तीस वर्षं रोज घासलेल्या गाण्याच्या बाबतीत तर मेंदू स्वतःच सूत्रसंचालन करतो. माझ्या पुढच्या रांगेत कॉलेजातली एक मुलगी बाबांबरोबर आली होती. गाणं तिलाही आवडलं असावं, कारण ती उड्या मारत होती. बाबा स्तब्ध उभे होते आणि ड्रम येण्याच्या एक मात्रा आधी त्यांचा हात वर गेला.

उड्यांमागेही थोडं शास्त्र आहे. बासचा पन्नास हर्ट्झचा सूर घेतला तर त्याची एक लाट सात मीटर लांब असते. ती कानात कमी आणि छातीच्या पिंजऱ्यात जास्त वाजते. त्याहून खालचे, ऐकूही न येणारे सूरही शरीराला हलवतात. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘ऑर्फिक्स’ या जोडीच्या खऱ्याखुऱ्या कार्यक्रमात ८ ते ३७ हर्ट्झचे खास स्पीकर मधूनमधून चालू-बंद केले. चालू असताना लोक ११.८ टक्क्यांनी जास्त हलले, आणि स्पीकर कधी चालू होते हे मात्र कुणाला ओळखता आलं नाही. घरच्या म्युझिक सिस्टिमवर गाणं हुबेहूब ऐकू येतं आणि तरी काहीतरी राहून जातं, त्यात या खालच्या मजल्याचा वाटा बराच असावा.

वयाचं काय, असं विचारणारे भेटतात. बोनो तेव्हा ५९ वर्षांचा होता. वरचे स्वर तरुणपणासारखे सहज लागत नाहीत. स्वरतंतूंची लवचीकता कमी होते, स्नायू बारीक होतात, फुप्फुसांचा भाता आखडतो. जुने रॉक बँड यावर जे करतात ते आपल्या गवयांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे: पट्टी उतरवतात. गिटारच्या सगळ्या तारा अर्ध्या सुराने ढिल्या केल्या की काम भागतं, बोटांच्या जागाही बदलत नाहीत. आपल्याकडे बुवांची पट्टी उतरली तर रसिक आवाजातल्या नव्या खर्जाचं कौतुक करतात. रॉकचे चाहते मात्र जुन्या रेकॉर्डशी ताडून नाराज होतात. मला आपल्या रसिकांचं बरोबर वाटतं.

मुंबईला एवढी वर्षं थांबावं लागलं त्याची कारणं रुक्ष आहेत. ‘पोलीस’ हा बँड १९८० सालीच मुंबईत वाजवून गेला होता, पण तेव्हा तो नवा होता आणि त्याचं सामान थोडं होतं. रोलिंग स्टोन्स ब्रेबर्नवर यायला २००३ उजाडलं, बँड काढल्याला एकेचाळीस वर्षं झाल्यावर. स्टेडियमचा दौरा म्हणजे शेकडो टन लोखंड, पडदे, जनरेटर. एका गावात कार्यक्रम चालू असताना पुढच्या गावात दुसरा सांगाडा उभा राहत असतो. वाटेत लागोपाठ मोठी मैदानं आणि महाग तिकिटं घेणारी गर्दी असेल तरच हे परवडतं. २०१९चा दौरा ऑकलंडहून निघून ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, जपान, कोरिया, मनिला करत आला आणि नेरूळला संपला. शेवटी ए. आर. रहमान आणि त्यांच्या मुली ‘अहिंसा’ हे नवं गाणं गायला आले.

त्यानंतर कोरोनाची साथ आली. २०२३च्या सप्टेंबरात यूटूने लास व्हेगसमधल्या ‘स्फिअर’ या घुमटाचं उद्घाटन केलं. तिथे भिंतीभर पसरलेले दीड लाखाहून जास्त लहान स्पीकर संगणकाच्या हिशोबाने एकमेकांना क्षणभर थांबवून आवाज पाहिजे त्या रांगेकडे वळवतात. डिले टॉवरचीच कल्पना, पराकोटीला नेलेली. लॅरी मलन मात्र शस्त्रक्रियेमुळे त्या कार्यक्रमांत नव्हता. त्याच्या जागी ब्राम व्हॅन डेन बर्ग हा डच ड्रमर बसला.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. कार्यक्रम सुटल्यावर नेरूळ स्टेशनच्या गर्दीत कानात जी शिट्टी वाजत राहते ती आतल्या केसपेशी थकल्याची खूण असते. ८५ डेसिबलला आठ तास चालतात. पुढे दर तीन डेसिबलला मुदत निम्मी होते, आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात. फोमचे बोळे स्वस्त, पण ते झांजा खाऊन टाकतात आणि बास तेवढा ठेवतात. वादकांसाठी मिळणारे प्लग सगळे सूर सारखेच खाली आणतात. तिकिटाच्या किमतीपुढे त्यांची किंमत काहीच नाही, आणि पुढच्या कार्यक्रमालाही तेच चालतात.